अबोल्यात लपलेला आजार

गोंदियात डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. मागच्या खेपेला तिथे माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं सारखी वरखाली करत होता आणि त्या दातओठ खात मला सांगत होत्या, "मुद्दाम करतात हो हे. मला छळायला." मी त्यांचा हात धरला. सांगायचं पुष्कळ होतं, पण तेवढ्यात आमचा नंबर लागला. त्यांना सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. मुद्दाम करतात, असं मीही दोन वर्षं मानत होते.

मी अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. आमचं गाव चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. घरी आम्ही दोघंच. मुलगी वर्षा लग्न होऊन गोंदियाला लागून कुडव्यात राहते. नवऱ्याला सगळे 'वर्षाचे बाबा' म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांना विस्मरणाचा आजार आहे आणि तो बरा होणारा नाही. मी घाबरलेली बाई आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे कुठे मी शहाणपणा शिकवायला लागले तर खुशाल हसा.

आमचा अबोला

अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. कारण सांगायला हवं, नाहीतर मी उगाच हट्टी वाटेन. हट्टी मी आहेच, पण उगाच नाही.

त्या वर्षी ऐन रोवण्यात, म्हणजे धानाची रोपं बांध्यांच्या, खाचरांच्या चिखलात लावायच्या घाईत, माहेरून निरोप आला की आई बोलावते आहे. वर्षाचे बाबा म्हणाले, "बाया लागल्या आहेत बांधीत. त्यायले भाकर कोण देईन? दोन बांध्या झाल्या का जाजो." मी थांबले. वीस बायांचा स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेल्याचा फोन आला. मी चुलीपाशी बसून रडत होते. ते दारात उभे राहून म्हणाले, "तू जाऊन का करणार होती? वाचवणार होती का तिले?"

रोवणा कोणासाठी थांबत नाही, तेवढं मी समजून घेतलं असतं. हे वाक्य मला गिळता आलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चार दिवसांनी त्यांनीही टाकलं, कारण अकडीत ते माझ्यापेक्षा बोटभर वरच.

अबोला असला तरी घर चालतं. वर्षा होती तोवर सगळं तिच्यामार्फत. ती सासरी गेल्यावर मी ताटावर पळी वाजवायची आणि ते येऊन जेवायचे. त्यांना काही हवं असलं तर मला ऐकू जाईल इतक्या जोरात ते गोठ्यातल्या गायीला विचारायचे, "काऊन वं, माहा टॉवेल कोठी ठेवला असन?" मी भांड्यांना उत्तर द्यायची. गाव हसायचं. खरं सांगते, मला त्यात थोडी ऐटही वाटायची, की बघा, मी वाकले नाही.

मला जे वाटलं

त्याच अबोल्यात आजार येऊन बसला आणि मला तो दिसला नाही.

ते जेवून उठायचे आणि तासाभरानं पुन्हा येऊन पाटावर बसायचे. मला वाटायचं, टोमणा आहे, बायको पोटभर वाढत नाही म्हणून. मग मीही चिडून ताटात भाताचा ढीग घालायची. बाजारात मोटरसायकल ठेवून पायी घरी यायचे. मला वाटलं, पेट्रोल संपलं असेल आणि सांगायला तोंड नाही. विळा तांदळाच्या कोठीत सापडला तेव्हा माझी खात्रीच पटली, की मला शोधायला लावायचे हे धंदे. पुढे त्यांनी गायीशी बोलणंही कमी केलं. मी सकूनला म्हटलं, "घे, आता गायीशीबी भांडण झालं." आम्ही दोघी हसलो होतो. सकून म्हणजे आमच्याकडे दरवर्षी रोवायला येणारी.

दुसऱ्या कुठल्याही घरात बायको म्हणाली असती, "आत्ताच तर जेवलात." नवरा म्हणाला असता, "कधी?" एवढ्यावर आजार उघडा पडला असता. आमच्या घरात ही दोन वाक्यं बोलायला कोणी नव्हतं.

दुसऱ्याच्या बांधीत

मागच्या पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. सकाळी ते बायांना घेऊन शेतावर गेले. अकराच्या सुमारास सकून पळत घरी आली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. "मामी, लवकर चाला. मामाजीनं रेवारामभाऊच्या बांधीत रोवणा लावला."

ती बांधी कधीकाळी आम्ही ठेक्यानं करत होतो. सोडून पंधरा वर्षं झाली होती. बायांना वाटलं, मामाजींनी यंदा पुन्हा घेतली असेल. त्यांनी आमच्या पऱ्ह्यांच्या, रोपांच्या जुड्या तिथे टाकल्या आणि अर्धी बांधी लावूनही झाली.

मी पोचले तेव्हा धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, माणसं जमली होती. रेवारामभाऊ ओरडत होते, "दिवसाढवळ्या दुसऱ्याची जमीन दाबून राहिला तू?" वर्षाचे बाबा त्याहून मोठ्यानं, "माह्या बापापासून वाहून राहिलो मी हे बांधी." कोणीतरी पोलीस पाटलाला बोलवायला गेलं होतं. मला आधी शरमेनं जीव नकोसा झाला. मग मी त्यांचा चेहरा पाहिला. कित्येक वर्षांत नीट पाहिला नव्हता, ताट ठेवायचं आणि मान वळवायची एवढाच आमचा संबंध. तोंडानं ओरडणं चालू होतं, पण डोळे चारही बाजूंना फिरत होते. काहीतरी ओळखीचं शोधत होते, एखादं झाड, एखादी विहीर. अंगणवाडीत पहिल्या दिवशी आई दाराआड गेली की मुलाचे डोळे असे होतात. हा माणूस भांडत नव्हता, घाबरला होता.

मी चिखलात उतरले आणि म्हणाले, "अजी, घरी चाला."

अकरा वर्षांनंतरचे माझे पहिले शब्द. रेवारामभाऊ माझ्याकडे वळले. बाया रोवायच्या थांबल्या. आमचा अबोला गावाला पाठ होता. फक्त ज्यांच्याशी मी बोलले त्यांनाच त्याचं काही वाटलं नाही. "चाल," म्हणाले आणि माझ्या मागे निघाले. माझ्याशी न बोलण्याची जिद्द हा माणूस विसरला होता.

तपासणीचा दिवस

वर्षा आणि जावई आम्हाला गोंदियाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण, हिंदीत बोलणारे. त्यांनी वर्षाच्या बाबांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग घड्याळ काढायला लावलं. त्यांनी सुरेख गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले. ते तीन शब्द विचारले तेव्हा हसून म्हणाले, "तुमी कोठी सांगितले मले?" त्यांना डॉक्टरांची लबाडी पकडल्याचा आनंद झाला होता.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "माताजी, ये भूलना कबसे चल रहा है?"

मी वर्षाकडे पाहिलं.

"एक ही बात बार-बार पूछते हैं क्या?"

"मला ते काहीच विचारत नाहीत."

"आप साथ में ही रहती हैं ना?"

"हो," मी म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. चार दिवसांनी त्यांनी सांगितलं की हे बरं होणार नाही, औषधानं थोडं हळू होईल. बाहेर आल्यावर वर्षा जिन्यातच थांबली.

"आई, तू बोलत असती त दोन वर्षं आधीच समजलं असतं."

"आन् त्यायनं बोललं असतं त?"

"ते बिमार होते."

"मले का माहीत?"

"तेच त म्हणून राहिली मी."

जावई रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून आमच्या मधे उभे होते. खरं तर पोरीचं बोलणं लागलं तरी तिचं चुकलं नव्हतं. वर्षाचे बाबा चार पायऱ्या खाली थांबून वर बघत होते. म्हणाले, "कोणाले बिमारी आहे?"

कुडवा

औषध बसेपर्यंत आम्ही दोन महिने वर्षाकडे राहिलो. तिथे मला भीतीची रोजची सवय लागली. गॅसचं बटण, गच्चीचा जिना, रस्त्यावरच्या गाड्या. ते झोपले तरच मी बसायची. एकदा मी त्यांचा सदरा काढायला गेले तर त्यांनी माझा हात पिरगाळला आणि म्हणाले, "कोण वं तू?" पाच मिनिटांनी तोच हात धरून चहा मागितला. हात दुखत होता, तरी मी चहा केला.

एक दिवस मी आंघोळीला गेले आणि बाहेर येते तर दार उघडं. वर्षा शिकवते त्या शाळेत, जावई दुकानात. मी ओल्या केसांनी गल्लीतून धावले. फोन केल्यावर जावई आले, मला गाडीवर मागे बसवून निघाले. रेल्वे स्टेशन, बाजार, सगळं पालथं घातलं. गाडीवर मागे बसून मला काय वाटलं ते लिहिताना हात अडतो, पण लिहायचं ठरवलंय तर लिहिते. एक क्षण वाटलं, नाही सापडले तर सुटले मी. आणि लगेच दुसरं वाटलं, नाही सापडले तर माझ्या आईचं राहून जाईल. त्या एका वाक्याबद्दल हा माणूस मला कधीच काही म्हणणार नाही.

अडीच तासांनी ते गोंदियाच्या पलीकडे फुलचूरला एका चहाच्या टपरीवर सापडले. टपरीवाल्यानं त्यांना सावलीत बसवून बिस्किटं दिली होती. "दादाजी अपने पिताजी का नाम बता रहे थे. मैंने सोचा, बिठा के रखो, कोई तो ढूँढते आएगा." त्या माणसानं पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत मी आमचं नाव आणि वर्षाचा नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवते, आणि दाराची कडी त्यांचा हात सहज जाणार नाही अशी वर लावून घेतली. तुमच्या घरी हे असेल तर आजच करा, उद्यावर टाकू नका.

पण माझ्या मनात आता दुसरीच घाई शिरली होती. मला माझी माफी हवी होती, आणि ती देणारा माणूस रोज थोडा कमी होत होता.

माझी चूक

ओळखीच्या घरात बरं वाटेल म्हणून आम्ही गावी परतलो. वाटलंही. सकून एक दिवस धानाच्या पेंढ्या बांधायच्या शिंदीच्या दोऱ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकून गेली. ते गाठी मारत, सोडत दुपारभर बसले. हातांना सगळं आठवत होतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं, सकाळी डोकं जास्त चालतं. म्हणून एका सकाळी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. निरोप, वीस बायांचा स्वयंपाक, फोन, दारातलं ते वाक्य. वकिलासारखं सांगितलं, एकेक शब्द पुढे ठेवून. अकरा वर्षं साठवलेलं होतं, त्यामुळे एक अक्षर चुकलं नाही.

ते ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी असं म्हणलो?"

"हो."

"तुही माय मेली त?"

"हो."

त्यांनी दोन्ही हात जोडले. "मंग त मी खराब माणूस आहो," म्हणाले, आणि रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलत होते. मीही रडले. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. वर्षाला फोनवर सांगितलं की तुझ्या बाबांनी माफी मागितली. ती म्हणाली, "बरं झालं, आई." मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खाटेच्या कडेला अंग चोरून बसले होते. माझ्याकडे नजर वर होईना.

"माह्याकून काही चुकलं का?"

मी विचारलं, काल आपण काय बोललो ते आठवतं का. नव्हतं आठवत. आई नाही, फोन नाही, रडणं नाही. फक्त काहीतरी मोठं चुकलं आहे आणि ही बाई आपल्यावर रागावली आहे, एवढं मात्र अंगात राहिलं होतं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "माताजी, बात निकल जाती है, डर रह जाता है." जो आधीच पायाखालची जमीन शोधत होता, त्याच्या हाती मी आणखी एक भीती दिली होती. नाव-गाव नसलेली, म्हणून तिच्यावर उपाय नसलेली.

रोज सकाळी

त्यानंतर हे रोजचं झालं. खाटेवर, अंगणात, कधी न्हाणीच्या दारात. "माह्याकून काही चुकलं का?"

सुरुवातीला मी म्हणायची, "नाही, काही चुकलं नाही." त्यांना पटायचं नाही. मागे मागे फिरायचे. एकदा मी वैतागून ओरडले, "किती वेळा विचारता?" तर ते गोठ्यात जाऊन गायीच्या पलीकडे लपले. साठी उलटलेला माणूस. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले आणि मला माझीच भीती वाटली.

मग एका सकाळी मी खोटं बोलायचं सोडलं. म्हटलं, "चुकलं होतं. मी माफ केलं. आता चहा घ्या." त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. चहा घेतला, वर पोळी मागितली. दिवस बरा गेला.

तेव्हापासून तेच उत्तर. सुरुवातीचे कित्येक दिवस मी ते गोळी दिल्यासारखं द्यायची, मनात काही नसताना. माफ कुठे केलं होतं मी? माफी मिळवली होती, दिली नव्हती. पण रोज एकच वाक्य म्हणत राहिलं की ते जिभेवरून आत उतरतं. एके दिवशी सोप्याचा केर काढता काढता लक्षात आलं की त्यांचं दारातलं ते वाक्य आठवायला मला थोडा वेळ लागतो आहे. मी केरसुणी टाकून खाली बसले. आधी हलकं वाटलं, मग भीती वाटली. आमच्या भांडणाची, समेटाची, आईच्या शेवटच्या निरोपाची आठवण आता माझ्या एकटीच्या डोक्यात आहे. माझंही डोकं गेलं तर ते सगळं कुठे राहणार?

बाकावरच्या ताई, तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की ते मुद्दाम करत नाहीत. आणि तुमचं काही जुनं राहिलं असेल तर ते त्यांच्याकडून वसूल करायला जाऊ नका. मी गेले होते. बाकी मला काही कळत नाही. मीही तुमच्यासारखीच रोज उजाडलं की आधी त्यांचा चेहरा बघते, आज काय गेलं म्हणून.

काल

काल सकाळी त्यांनी विचारलं नाही.

मी चहा ठेवला. त्यांनी घेतला. मी अंगण सारवलं, पाणी भरलं, गायीला वैरण टाकली आणि प्रत्येक वेळी त्यांच्या समोरून गेले. ते दोऱ्यांच्या गाठी मारत होते, चेहरा शांत. डर गेला, बरं झालं, असं मी स्वतःला दोनदा समजावलं. तरी अकराच्या सुमारास मला राहवेना. मी त्यांच्यापुढे जाऊन उकिडवी बसले आणि आपणहून म्हटलं, "अजी, चुकलं होतं. मी माफ केलं."

त्यांनी वर पाहिलं. परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीनं. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"कोणाले, बाई?"

मी खाली पडलेली एक दोरी उचलून त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी म्हटलं, "आमच्या घरच्या माणसाले."

"चांगलं केलं तुमी," ते म्हणाले. मग हातातली गाठ बाजूला ठेवून दाराकडे बोट दाखवलं. "जा मंग घरी. बिचारा वाट पाहून राहिला असन."